‘किरकोळ’ म्हणजे किती? घर घेताना मोजणी, कागद आणि माणसं

(इस्लापूर इथं तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पावसाळ्यात लोक इस्लापूरकडे येतात ते सहस्रकुंडचा धबधबा बघायला. मी आज तुमच्याशी टेप, नमुना आठ आणि खरेदीखत यांवर बोलायला आलोय. विषय कोरडा आहे, पण इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात तो कधी ना कधी येणार. कुणी प्लॉट घेईल, कुणी चुलत्याचं घर घेईल, कुणाला लग्नाआधी दोन खोल्या घ्यायच्या असतील. आधीच सांगतो, मी वकील नाही, मास्तर आहे. एक घर घेतलं, त्यात जे शिकलो तेवढंच सांगणार. अडचण आली तर वकिलाकडेच जा.

घर इथून जवळच्याच एका गावातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांची गोष्ट आहे ती माणसं हयात आहेत आणि मला अजून त्यांच्यात बसायचं-उठायचं आहे.

विकणारे आमच्या ओळखीचे. सगळं गाव त्यांना मामू म्हणतं, मीही मामूच म्हणतो. जुनं माळवदाचं घर, पुढं दोन पत्र्याच्या खोल्या, मागं आंगण. मामू म्हणाले, दीड गुंठा जागा आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं जुनं खरेदीखत होतं. त्यात लिहिलेलं, लांबी 54 फूट, रुंदी 30 फूट. म्हणजे 1620 चौरस फूट. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पण 1620. दीड गुंठ्याचे होतात 1633. हा पहिला फरक, तेरा फुटांचा. तो मी सोडून दिला, कारण आपल्याकडे बोलण्यातलं माप अंदाजाचंच असतं. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, आणि सातबाऱ्यावर असतो तो आर, म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 फूट. लोक गुंठा आणि आर एकच समजून बोलतात आणि दर गुंठ्यामागं तेरा फूट हवेत जातात. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, तोंडी माप कुठल्याही नावाचं असू दे, कागदावर चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्ही लिहून घ्या.

मग मी टेप घेऊन गेलो. मामू ओट्यावर बसलेले. मला बघून हसले आणि म्हणाले, “बेटा, इतने से वास्ते टेप लाए?” मी म्हणालो, “मामू, तुमपे शक नई. नाप पे शक है.”

पुढची बाजू 30 फूट भरली. दोन्ही लांबीच्या बाजू 54. मागची बाजू मात्र भरली 28. पुन्हा मोजली, 28 च. जागा मागं निमुळती झालेली. हिशेब केला तर 1566 फूट. कागदापेक्षा 54 फूट कमी. हे लक्षात यायचं कारण एवढंच की मी चारही बाजू मोजल्या. बहुतेक लोक एक लांबी, एक रुंदी मोजतात आणि गुणाकार करून मोकळे होतात. चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. जागा तिरकी असेल तर कर्ण लगेच सांगतो.

दोन फूट गेले कुठं? शेजारच्या काकांची न्हाणी. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी मागची न्हाणी बांधताना भिंत दोन फूट अलीकडे घेतली. मामूंनी तोंडी हो म्हटलेलं. दोघांचे संबंध चांगले, ईदचा शिरखुर्मा तिकडे, दिवाळीचा फराळ इकडे. कुणाला कागद करायची गरज वाटली नाही.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. मागच्या भिंतीला तिरकी चीर होती. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ असेल तर भिंत चिरते. गवंडी म्हणाला, घर पडणार नाही, पण दुरुस्ती लागेल. आणि तिसरी गोष्ट नावाची. नमुना आठवर मामूंचं नाव एक, आधारवर दुसरं. तुमच्या घरचे कागद काढून बघा. ‘शेख’चं ‘शे.’ झालेलं असतं, ‘सय्यद’चं ‘स.’, ‘मोहम्मद’चं ‘म.’ किंवा ‘मो.’. कुठं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कुठं ‘बी’ गेलं, कुठं ‘बेगम’ आलं.

यात कुणाचा कट नसतो. आपला नांदेड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. मग द्विभाषिक मुंबई राज्य, आणि 1960 ला महाराष्ट्र. जुने कागद उर्दूत. पुढं ते मराठीत उतरले, मग संगणकात गेले. दर वेळी लिहिणाऱ्यानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा उर्दू, फारसी, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. आजोबांच्या पेटीत उर्दू कागद असतील आणि घरात उर्दू वाचणारं कुणी उरलं असेल, तर ते आजच वाचून घ्या. उद्या कुणी सांगणारं नसेल.

तर माझ्यापुढे तीन गोष्टी झाल्या. 54 फूट, एक चीर, एक नाव. तिन्ही किरकोळ.

आता मला मिळालेला सल्ला ऐका. एक दोस्त म्हणाला, “गप्प बस, सौदा हातातून जाईल, नंतर बघू.” दुसरा म्हणाला, “दोन फुटांचं भांडवल कर. मामूंना पैशाची गरज आहे. चार माणसांत विषय काढ, पन्नास हजार कमी करून घे.” खोटं कशाला बोलू, दुसरा सल्ला मला आवडला होता. रात्रभर तोच हिशेब चालला होता.

पण दोन्ही सल्ले चुकीचे होते. ‘नंतर बघू’ चालत नाही, कारण नोंदणी झाल्यावर खरेदीखतातली चूक सुधारायला चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि त्यावर विकणाऱ्याची सही लागते. उद्या विकणारा राहिला नाही तर त्याच्या सगळ्या वारसांमागं फिरा. आज ओट्यावर पाच मिनिटांत जे मिटतं, त्यासाठी उद्या पाच वर्षं कोर्टात.

आणि ‘भांडवल कर’ हे तर बेइमानीचंच. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, ती हदीस आपण विकणाऱ्याला ऐकवायला नेहमी तयार असतो. ऐब झाकून माल विकू नये, बरोबर आहे. पण घेणाऱ्यानं लहान ऐब मोठा करून भाव पाडणं, तेही फसवणंच झालं ना? देशाचा कायदाही दोघांना बांधतो. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 55. साध्या काळजीनं घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं सांगायचा. आणि त्याच कलमात घेणाऱ्यालाही सांगितलंय, की विकणाऱ्याचा हक्क त्याला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे आणि त्यामुळं किंमत बरीच वाढते, हे तुला ठाऊक असेल आणि त्याला ठाऊक नसेल, तर तू सांग. दोन्ही बाजूंनी इमान.

मी काय केलं? एकटाच गेलो. चहाच्या हॉटेलात नाही, दलालाला घेऊन नाही, मामूंच्या घरी, असरनंतर. विकणाऱ्याला चारचौघांत उणं दाखवलं की तो फुटांसाठी भांडत नाही, इज्जतीसाठी भांडतो. एका कागदावर तीन ओळी लिहून नेल्या होत्या. ‘कमी आहे’ असं म्हणालो नाही. म्हणालो, “मामू, मला मागं 28 भरतंय. माझं चुकत असेल, तुम्ही टेप धरा.” त्यांनी स्वतः टेप धरला. आकडा बघून थोडा वेळ गप्प बसले. मग न्हाणीची गोष्ट त्यांनीच सांगितली.

तिथून पुढं सोपं झालं. प्रत्येक फरकाला तीनच वाटा असतात. दुरुस्त करा, त्याची किंमत धरा, किंवा माहीत असून स्वीकारा. कुठलीही वाट धरा, पण लिहून ठेवा. नाव दुरुस्त करायचं ठरलं. ते मामूंनी करायचं, धावपळ मी करायची. जागेचा भाव आम्ही फुटाला 300 रुपये धरला होता. 54 गुणिले 300, सोळा हजार दोनशे. तेवढेच कमी झाले, ना पन्नास हजार, ना शून्य. चीर मी बघून स्वीकारली, कारण ती उघड्यावर होती आणि घराची किंमत जुनं घर म्हणूनच ठरलेली.

मग शेजारच्या काकांकडे गेलो. ते आधीच धास्तावलेले. नवा मालक येतोय, तोही मुसलमान, आता भिंत पाडायला लावणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी म्हणालो, “काका, भिंत आहे तिथंच राहू द्या. मला फक्त कागदावर खरं लिहायचंय.” खरेदीखतात मागची रुंदी 28 लिहिली, चतुःसीमेत ‘पश्चिमेस शेजाऱ्याच्या न्हाणीची भिंत’ असं स्पष्ट लिहिलं. त्या दिवशी काकूंनी जो चहा पाजला, त्याची चव अजून तोंडात आहे.

इथवर गोष्ट चांगली आहे. इथंच संपवली असती तर तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता.

नाव दुरुस्तीसाठी कागद जमवताना मामूंच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला हातात आला. घर मुळात वडिलांचं. ते गेले, पुढं आई गेली, आणि नमुना आठवर एकट्या मामूंचं नाव लागलं. घरच्यांनी तेवढंच दिलेलं. मी सहज विचारलं, “मामू, तुम्हाला बहिणी किती?”

“दोन. आदिलाबादला दिल्या.”

पुढं दोघंही बोललो नाही.

आता हिशेब तुम्हीच करा. आपल्या शरीअतच्या वाटणीत एक मुलगा, दोन मुली असतील तर मुलाला अर्धा, मुलींना पाव-पाव. हा हिस्सा बाप गेला त्याच दिवशी पडतो, कुणी नोंदवो न नोंदवो. म्हणजे 1566 पैकी 783 फूट मामूंच्या बहिणींचे. मी 54 फुटांसाठी टेप लावून उन्हात उभा होतो, रात्रभर झोपलो नव्हतो. आणि 783 फुटांबद्दल मी विचारलंच नव्हतं. मामूंनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते लपवल्यासारखं वाटतच नव्हतं. आणि मला सुचलं नव्हतं, कारण माझ्याही डोक्यात घर म्हणजे भावाचंच होतं.

म्हणून किरकोळ म्हणजे काय याची माझी व्याख्या तेव्हापासून बदलली. कागदातली चूक किरकोळ असू शकते. जमिनीवरचा फरकही किरकोळ असू शकतो. पण माणसाचा हक्क किरकोळ नसतो, मग तो एक फूट का असेना.

मी मामूंना म्हणालो, दोघी आपांच्या सह्या लागतील, आणि सह्या नुसत्या नाही, त्यांचे पैसेही. मामू भडकले. “त्यांनी कधी मागितलं नाही!” खरंच मागितलं नव्हतं. बहिणी मागत नाहीत, माहेर तुटेल म्हणून. आणि आपण त्या गप्प राहण्याला त्यांची परवानगी समजतो. सौदा चार महिने लांबला. मी भाड्याच्या घराचं चार महिन्यांचं भाडं भरलं. मामू मशिदीत माझा सलाम घेईनात.

शेवटी दोघी आल्या. दुय्यम निबंधकांसमोर तिघांनी विकणारे म्हणून सह्या केल्या. थोरल्या आपांनी चेक दोनदा उलटून पाहिला आणि पर्समध्ये ठेवला. धाकट्या म्हणाल्या, “मी माझ्यातले काही भावाला देणार आहे, पण आधी माझ्या खात्यात येऊ दे. मग देईन.” तिनं किती दिले मला माहीत नाही. तो तिचा प्रश्न. भावाला द्यायचे की नाही हे ठरवायची पाळी आधी तिच्यावर यायला हवी होती, ती त्या दिवशी आली.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवायला सांगते. सूरह निसा आई-बापाच्या मागं जे राहील, थोडं असो की जास्त, त्यात बायकांचा हिस्सा ठरवून देते. पहिली गोष्ट आपण विश्वासाच्या नावाखाली टाळतो, दुसरी मायेच्या नावाखाली.

आता कामाच्या चार गोष्टी, पटकन.

एक. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. आणि शंभर-पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून घेतलेलं घर कायद्यानं तुमचं होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवावीच लागते. साठेखतानंही मालकी येत नाही, पण फरक लिहून ठेवायची पहिली जागा साठेखतच. आपल्या मोहल्ल्यांत अर्धे व्यवहार अजून बॉण्डवर चालतात. पुढं घरकुल, कर्ज, वाटणी, सगळं तिथं अडतं.

दोन. गावठाणातल्या घरांना पूर्वी मोजणीचा नकाशाच नसायचा. 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झालेला. ड्रोन उडायच्या आधी घरमालकांनी हद्दी चुन्यानं आखायच्या असतात. त्या वेळी घरी राहा, शेजाऱ्याला सोबत घ्या. चुना जिथं पडेल तिथं तुमची मिळकत पत्रिका तयार होईल. घर घेत असाल तर ती पत्रिका निघालीय का हे आधी विचारा.

तीन. शेतजमिनीतला किंवा भूमापन झालेला प्लॉट असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. अर्ज नोंदीवर नाव असलेल्यानं करायचा असतो, म्हणजे विकणाऱ्यानं. फी तुम्ही भरा, तो नाही म्हणणार नाही. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, मग नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तीच जपून ठेवायची. आणि खासगी टेपनं शेजाऱ्याशी भांडू नका.

चार. काही गोष्टींना ‘किरकोळ’ म्हणून पुढं जायचंच नाही. वारसांत अज्ञान मूल असेल, तर आपल्या व्यक्तिगत कायद्यात आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असेल, तर आधी परवानगी. वक्फची जागा असेल, तर विषयच सोडा. आणि आपल्या किनवट तालुक्यात हे खास लक्षात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. गोंड, आंध, कोलाम शेजाऱ्याची जमीन बॉण्डवर स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी सांगत असेल, तर उठून या. आपल्या हक्काबद्दल घटना हातात घेऊन बोलणाऱ्यांनी दुसऱ्याच्या हक्कावर डोळा ठेवू नये.

शेवटचं सांगतो आणि बसतो.

मामूंच्या घराची नोंदणी झाली त्या रात्री मी माझ्या अब्बांची कागदांची पेटी काढली. अब्बा जाऊन अकरा वर्षं झाली. आमच्या घराच्या नमुना आठवर दोन नावं आहेत, माझं आणि धाकट्या भावाचं. आम्हाला तीन बहिणी आहेत. त्या वेळी अर्ज मीच लिहिला होता, माझ्याच अक्षरात. मामूंना चार महिने शहाणपण शिकवणारा मास्तर तो मीच.

सकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, “भाईजान, आता कशाला उकरून काढता?” आमचं बोलणं अजून चालू आहे. तिघींची नावं लावायचा अर्ज मी दिलाय, अजून निकाल नाही. थोरलीला सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, नको. मी म्हणालो, नको म्हणायचा हक्क तुला आहेच, आधी नाव लागू दे.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घर घ्यायचं असो-नसो, आपल्याच घराचा कागद काढा. त्यावर कुणाची नावं आहेत ते वाचा, आणि कुणाची नाहीत ते मोजा. त्यासाठी टेप लागत नाही.